एकट्याने दहा रणगाडे, मोडलेली ऑर्डर आणि 'रक्तातलं शौर्य': अरुण खेत्रपालांवरच्या त्या मेसेजला उत्तर

डिसेंबर लागला की आमच्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास येतो. गावच्या ग्रुपवर येतो, भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर येतो, शिक्षकांच्या ग्रुपवरही येतो. वर सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपालांचा गणवेशातला फोटो असतो आणि खाली साधारण असा मजकूर: "२१ वर्षांच्या पोराने बांगलादेशच्या लढाईत एकट्याने पाकिस्तानचे १० रणगाडे उडवले. वरिष्ठांनी ऑर्डर दिली, ती धुडकावून लावली. ट्रेनिंगसुद्धा पूर्ण नव्हतं. आजवरचा सर्वांत लहान परमवीर. पाकिस्ताननेही त्याला आपलं सर्वोच्च पदक दिलं, आपला देश मात्र विसरला. शौर्य रक्तात असावं लागतं, क्लास लावून येत नाही. खरा मर्द असशील तर पुढे पाठव."

पाठवणाऱ्याच्या मनात आदरच असतो, याबद्दल मला शंका नाही. तरीही या मेसेजला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं, कारण मी जालना जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात शिकवतो आणि हा मेसेज सगळ्यात मन लावून कोण वाचतं ते रोज पाहतो. पहाटे पाच वाजता डांबरी रस्त्याच्या कडेने सोळाशे मीटरचा सराव करणारी पोरं तो वाचतात. परभणी, हिंगोली, बीड, कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर अंधारात पावलांचा आवाज येतो तो यांचाच. मोठी माणसं मेसेज वाचून पुढे ढकलतात. ही पोरं मात्र फौजेत कसं वागायचं असतं ते त्यातून शिकतात, आणि जे शिकतात ते चुकीचं आहे. म्हणून एकेक वाक्य घेतो.

"बांगलादेशच्या लढाईत." युद्ध १९७१ चंच, पण ही लढाई पूर्वेला झाली नाही. ती पश्चिम आघाडीवर, शकरगढच्या भागात, बसंतर नदीपलीकडे जरपाल गावाजवळ झाली. आपल्या बाजूने पाहिलं तर जम्मूतल्या सांब्यासमोर. तारीख १६ डिसेंबर, म्हणजे ज्या दिवशी तिकडे ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली तोच दिवस. त्यामुळे गल्लत होते. पश्चिमेकडची युद्धबंदी दुसऱ्या दिवशी, १७ तारखेच्या रात्री लागू झाली. हा मुद्दा इथेच सोडतो.

"एकट्याने १० रणगाडे उडवले." इथे थांबायला हवं.

परमवीर चक्रासोबत एक अधिकृत गौरवपत्र असतं, फौजेत त्याला सायटेशन म्हणतात. खेत्रपालांच्या सायटेशनमध्ये आकडा स्पष्ट आहे. त्या निर्णायक झुंजीत शत्रूचे १० रणगाडे उद्ध्वस्त झाले, त्यांपैकी ४ खेत्रपालांनी स्वतः टिपले. मेसेजमध्ये १० तेवढे राहिले आणि ४ गळून पडले. चार आकडा लहान वाटला म्हणून कुणीतरी तो खोडला असावा. पण त्या चारांची किंमत समजून घ्यायची तर आदल्या रात्रीपासून सुरुवात करावी लागेल.

१५ डिसेंबरच्या रात्री ४७ इन्फंट्री ब्रिगेडच्या पायदळाने बसंतर ओलांडून पलीकडे पाय रोवले. मधल्या पट्ट्यात दाट सुरुंग पेरलेले होते. इंजिनिअर्सचे जवान, म्हणजे सॅपर, रात्रभर ते काढत होते. निम्मंच काम झालं होतं तेवढ्यात पुढच्या पायदळाकडून निरोप आला की समोर शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल वाढली आहे, रणगाडे लगेच हवेत. तेव्हा १७ पूना हॉर्सने, म्हणजे खेत्रपालांच्या रणगाडा रेजिमेंटने, सुरुंग पुरते निघायची वाट न पाहता त्या पट्ट्यातून सेंच्युरियन रणगाडे पुढे घातले. रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल हनुत सिंग, ज्यांना याच युद्धात महावीर चक्र मिळालं. उजाडेपर्यंत रणगाडे पायदळाला जाऊन मिळाले.

१६ तारखेला सकाळी आठच्या सुमारास धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानी रणगाडे चालून आले. समोर १३ लान्सर्स ही त्यांची रणगाडा रेजिमेंट होती आणि तिच्याकडे अमेरिकन पॅटन रणगाडे होते. मारा झेलणाऱ्या 'बी' स्क्वाड्रनने, म्हणजे पूना हॉर्सच्या एका तुकडीने, कुमक मागितली. खेत्रपाल 'ए' स्क्वाड्रनमध्ये होते, ते आपली तुकडी घेऊन निघाले. वाटेत शत्रूची काही ठाणी अजून शाबूत होती, तिथून रिकॉइललेस, म्हणजे रणगाडे फोडणाऱ्या हलक्या तोफांचा मारा सुरू झाला. त्यांनी ती ठाणी तुडवली, तिथल्या सैनिकांना पिस्तुलाच्या धाकावर पकडलं. त्यात त्यांच्याच एका रणगाड्याचा कमांडर मारला गेला. मग शत्रूने फेरजमवाजमव करून दुसरा हल्ला चढवला आणि नेमका जोर लावला तो खेत्रपाल आणि आणखी दोन अधिकाऱ्यांनी धरलेल्या भागावर. ते दोघे म्हणजे कॅप्टन मल्होत्रा आणि लेफ्टनंट अहलावत. पाकिस्तानची अख्खी स्क्वाड्रन अंगावर आणि आपले तीन रणगाडे. ते १० रणगाडे या तिघांच्या हिशोबातले आहेत.

आता एका रणगाड्याच्या आत पाहू. सेंच्युरियनमध्ये चार माणसं बसतात. कमांडर वरून डोकं काढून किंवा दुर्बिणीतून लक्ष्य शोधतो, अंतर सांगतो, कुठला गोळा भरायचा ते सांगतो. रेडिओ सांभाळणारा जवानच गोळा भरतो. गनर नेम धरून तोफ डागतो. ड्रायव्हर गाडी हलवतो, थांबवतो, आडोशाला घेतो. यातला एकजण दोन सेकंद चुकला तरी चौघं जळून जातात. खेत्रपालांच्या रणगाड्याचं नाव फामागुस्ता. त्यात ड्रायव्हर होते सवार प्रयाग सिंग, गनर सवार नथू सिंग आणि रेडिओ ऑपरेटर सवार नंद सिंग. नंद सिंग त्याच लढाईत वीरगतीला गेले. मेसेजमधल्या 'एकट्याने' या शब्दाखाली ही तीन माणसं गाडली जातात, आणि त्यांतल्या एकाने तर जीव दिलाय. सवार म्हणजे घोडदळाच्या परंपरेतला शिपाई. आमच्या भागातून फौजेत जाणारी बहुतेक पोरं शिपाई म्हणूनच जातात. ज्या गोष्टीत शिपायाचं नावच राहत नाही ती त्यांनी अभिमानाने फॉरवर्ड करावी, याचं मला फार वाईट वाटतं.

"वरिष्ठांची ऑर्डर धुडकावली." हे वाक्य सगळ्यात जास्त टाळ्या घेतं आणि सगळ्यात जास्त नुकसानही तेच करतं. गेल्या वर्षी दहावीतल्या एका मुलाने मला वर्गात विचारलं, "सर, मग परमवीर मिळवायचं असंल तर ऑर्डर मोडावीच लागती का?" चेष्टेने नव्हे, खरोखर विचारत होता. मी त्याला सायटेशनमधला तो भाग मराठीत करून फळ्यावर लिहून दिला. तोच इथे सांगतो.

झुंज ऐन भरात असताना खेत्रपालांच्या रणगाड्याला गोळा लागला, त्याने पेट घेतला आणि ते स्वतः गंभीर जखमी झाले. तेव्हा त्यांना रणगाडा सोडून बाहेर पडायला सांगण्यात आलं. पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे. शत्रूची मोठी हानी झाली असली तरी तो आपल्या जबाबदारीच्या भागातून अजून पुढे येतोय, आपण रणगाडा सोडला तर तो इथून फळी फोडून आत शिरेल, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून ते लढत राहिले आणि आणखी एक रणगाडा टिपला. त्यानंतर दुसरा गोळा लागला आणि ते गेले.

रेडिओवरचं त्यांचं उत्तर प्रसिद्ध आहे. मेसेजमध्ये त्यातली शिवी तेवढी ठळक अक्षरांत असते. शिवीच्या आधी त्यांनी काय सांगितलं? मी रणगाडा सोडणार नाही, माझी मुख्य तोफ अजून चालू आहे. हे कारण आहे. पेटलेल्या रणगाड्यातून बाहेर पडायला सांगतात ते आतल्या माणसांचे जीव वाचावेत म्हणून. तोफ अजून चालते की नाही हे बाहेरून कळणं अवघड, आत बसलेल्या अधिकाऱ्याला ते माहीत होतं. त्याने आपल्याकडची माहिती सांगितली आणि त्या माहितीच्या आधारावर जागा धरून ठेवली. फौजेने परमवीर दिला तो या पारखीला आणि तिची पूर्ण किंमत मोजण्याच्या तयारीला. बेशिस्तीचं पदक कुठल्याही फौजेत नसतं. आमच्या गावातल्या निवृत्त सुभेदारांना सगळे 'मेजर' म्हणतात. ते पोरांना बजावून सांगतात, "ट्रेनिंगला गेल्यावर पहिल्या दिवशी ही खेत्रपालगिरी दाखवाल तर संध्याकाळी पिठ्ठू लावून ग्राउंडभर पळाल." पाठीवर वजन बांधून पळवण्याची ती शिक्षा ज्याने भोगली त्यालाच ते बोलणं पुरतं कळतं.

अजून एक गोष्ट, जी मला या सायटेशनमधली सगळ्यात प्रामाणिक वाटते. त्याच सकाळी, 'बी' स्क्वाड्रनपाशी पोहोचल्यावर मागे सरकणारे शत्रूचे रणगाडे दिसले तेव्हा खेत्रपाल लढाईच्या आवेशात वाहवून गेले आणि त्यांचा पाठलाग करू लागले, एक रणगाडा टिपलाही, असं फौजेने स्वतः लिहून ठेवलंय. २१ वर्षांच्या मुलाचा तो जोश लपवलेला नाही. मला वाटतं, हाच माणूस थोड्या वेळाने जखमी अवस्थेत, पेटलेल्या रणगाड्यात बसून, "इथून शत्रू फुटेल का" असा विचार करतो हे जास्त थक्क करणारं आहे. एकाच दिवसात जोशापासून जबाबदारीपर्यंतचं ते अंतर त्यांनी कापलं. मेसेज त्यांना पहिल्या टप्प्यावरच थांबवून ठेवतो.

"आजवरचा सर्वांत लहान परमवीर." १४ ऑक्टोबर १९५० चा जन्म, पुण्यातला. वीरमरण आलं तेव्हा २१ वर्षं २ महिने. १९७१ पासून १९९९ पर्यंत हे वाक्य बरोबर होतं. कारगिलमध्ये टायगर हिलवर १८ ग्रेनेडियर्सच्या योगेंद्र सिंह यादवांनी परमवीर मिळवलं तेव्हा ते १९ वर्षांचे होते, आणि ते त्या लढाईतून जिवंत परतले. मरणोत्तर परमवीर मिळालेल्यांमध्ये, आणि अधिकाऱ्यांमध्येही, खेत्रपाल आजही सगळ्यात लहान आहेत. तेवढा शब्द जोडला की वाक्य बरोबर होतं.

"पाकिस्ताननेही आपलं सर्वोच्च पदक दिलं." नाही दिलं. कुठलंही पदक दिलं नाही. दोन वेगळ्या गोष्टी इथे एकमेकींत मिसळल्या आहेत. कारगिलच्या युद्धात टायगर हिलवर मारल्या गेलेल्या एका पाकिस्तानी कॅप्टनच्या शौर्याची दखल भारतीय ब्रिगेडियरने घेतली, आणि पुढे पाकिस्तानने त्या कॅप्टनला आपलं सर्वोच्च शौर्यपदक, निशान-ए-हैदर, दिलं. तो किस्सा उलटा करून कुणीतरी खेत्रपालांना चिकटवलाय.

खेत्रपालांच्या बाबतीत घडलं ते वेगळं. त्यांचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, मूळचे सरगोध्याचे. २००१ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते आपलं जन्मगाव बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये त्यांचं आदरातिथ्य करणारे निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासिर यांनी जाण्याआधी त्यांना सांगितलं की १६ डिसेंबरला तुमच्या मुलाच्या समोर १३ लान्सर्समधून मी होतो आणि तो माझ्या गोळ्याने गेला. तुमच्या मुलाचं धैर्य विलक्षण होतं, असंही ते म्हणाले. एका म्हाताऱ्या बापाने हे यजमानाच्या घरात बसून ऐकलं. ही गोष्ट जशी आहे तशी सांगितली तर ऐकणारा गप्प होतो. तिला खोट्या पदकाची गरज कशाला पडावी?

खेत्रपालांच्या घराबद्दल आणखी एक सांगतो, कारण मेसेजमधला खेत्रपाल कुणाचाच मुलगा वाटत नाही. युद्धावर जाताना अरुण दिल्लीला घरी थांबले तेव्हा त्यांनी सामानात गोल्फच्या काठ्या आणि मेजवानीचा निळा गणवेश घेतला. लाहोरला गोल्फ खेळीन आणि जिंकल्यावर जेवणाला हा गणवेश लागेल, असं त्यांचं म्हणणं. १७ डिसेंबरला सांब्याजवळ त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. घरी बातमी पोहोचली ती २६ तारखेला. युद्धबंदी होऊन नऊ दिवस झालेले, आता मुलगा येईल म्हणून वाट बघणारं घर. मराठवाड्यातल्या ज्या घरांतली पोरं सीमेवर आहेत त्यांना हे नऊ दिवस वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

"देश विसरला." विसरला नाही. खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, ज्या मैदानावर प्रत्येक तुकडीची दीक्षांत परेड होते त्याचं नाव खेत्रपाल परेड ग्राउंड आहे. डेहराडूनच्या आयएमएत, म्हणजे भारतीय लष्करी अकादमीत, त्यांच्या नावाचं सभागृह आहे. २३ जानेवारी २०२३ ला अंदमान-निकोबारच्या २१ बेटांना २१ परमवीरांची नावं देण्यात आली, त्यात एक बेट त्यांच्या नावाचं आहे. फामागुस्ता नंतर दुरुस्त करून नगरला, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलाय. नगर म्हणजे आजचं अहिल्यानगर, संभाजीनगरहून एसटीने अडीच-तीन तासांवर. तिथलं रणगाड्यांचं संग्रहालय तर सगळ्यांना बघता येतं. आमच्याकडच्या शाळांच्या सहली दौलताबाद, वेरूळ, शिर्डी करून परत येतात. एक दिवस नगरला काढला तर रणगाडा किती मोठा असतो आणि आत माणसाला हलायला किती कमी जागा असते हे पोरांना डोळ्यांनी दिसेल. देश विसरला म्हणून हळहळण्यापेक्षा ते सोपं आहे.

आता राहिलं ते शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं: "ट्रेनिंगसुद्धा पूर्ण नव्हतं. शौर्य रक्तात असावं लागतं, क्लास लावून येत नाही."

यात एक अर्धं सत्य आहे, ते आधी देऊन टाकतो. खेत्रपाल १३ जून १९७१ ला पूना हॉर्समध्ये अधिकारी म्हणून रुजू झाले. नव्या अधिकाऱ्यांना रणगाड्यांचा यंग ऑफिसर्स कोर्स करावा लागतो, त्यासाठी ते नगरलाच आले होते. युद्धाची चिन्हं दिसली आणि कोर्स अर्धा ठेवून त्यांना रेजिमेंटला बोलावलं गेलं. म्हणजे तो एक कोर्स अपुरा राहिला. पण त्याआधी जून १९६७ ते जून १९७१ अशी चार वर्षं ते दुसरं काय करत होते? तीन वर्षं एनडीए, फॉक्सट्रॉट स्क्वाड्रन, ३८ वा कोर्स. मग आयएमए. पहाटेची पीटी, नकाशावाचन, शस्त्रं, डावपेच, वर्गातले तास, परीक्षा. नंतर रेजिमेंटमध्ये मुरलेल्या सवारांच्या सोबतचा सराव. सुरुंगांच्या पट्ट्यातून अंधारात गाडी काढणं, धुरातून अंतर ओळखणं, रेडिओवर थोडक्यात आणि बिनचूक बोलणं, हे कुणीही आईच्या पोटातून शिकून येत नाही.

'रक्त' म्हणणाऱ्यांच्या हाती एक पुरावा लागतो, तोही मी लपवत नाही. खेत्रपालांचं घराणं फौजी होतं. आजोबा पहिल्या महायुद्धात लढलेले, वडील इंजिनिअर्समधले. घरात फौजेचं वातावरण असणं मोठा आधार असतो, यात वाद नाही. पण परमवीरांची यादी पुढे वाचली तर हा नियम टिकत नाही. अब्दुल हमीद यांचे वडील शिंपी होते. मनोजकुमार पांडे यांचे वडील लखनौचे छोटे व्यापारी. विक्रम बत्रा यांचे आई-वडील दोघंही शिक्षक. आजवर २१ जणांना परमवीर मिळालं, त्यांतल्या १४ जणांना मरणोत्तर. त्यांत शेतकऱ्याची पोरं आहेत, आदिवासी घरातले अल्बर्ट एक्का आहेत, पारशी आहेत, मुसलमान आहेत. कुठलं एक रक्त काढून दाखवणार?

हा 'रक्ताचा' विचार आला कुठून, हेही बघायला हवं. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या लोकांची 'लढवय्या जाती' आणि 'बिनलढवय्या जाती' अशी वाटणी केली. कमांडर-इन-चीफ लॉर्ड रॉबर्ट्स याचे मोठे पुरस्कर्ते. त्या धोरणापायी १८९० च्या दशकात महार समाजाची फौजेतली भरती बंद झाली, ज्या समाजातले शिपाई आधीच्या कित्येक लढायांत लढले होते त्यांचीच. सुभेदार रामजींचा मुलगा पुढे त्याविरुद्ध बोलला, लिहिलं, पाठपुरावा केला, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. १९८७ मध्ये श्रीलंकेत याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. रक्त बघून ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं त्यांच्या नावाच्या रेजिमेंटमध्ये परमवीर चक्र आलं. आणि आपण, बाबासाहेबांनी ज्या मराठवाड्यात मिलिंद महाविद्यालय उभारलं त्या मराठवाड्यातली माणसं, तीच इंग्रजांची वाटणी तिरंग्याचं चित्र लावून पुढे पाठवतो!

मराठवाड्याला हे जास्त लागू पडतं, याला आणखी एक कारण आहे. "आपल्या भागात कुठं फौजेची परंपरा? ते सातारकरांचं काम," असं आमच्याच पारांवर म्हणतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात आणि त्याचा अभिमान सगळ्या महाराष्ट्राला आहेच. पण आपल्याकडे परंपरा कमी दिसते ती रक्तामुळे नव्हे. इथे निजामाचं राज्य होतं. इंग्रजी फौजेची भरती जशी सातारा-रत्नागिरीत पिढ्यान् पिढ्या मुरली तशी इथे मुरली नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारतीय फौजेचे रणगाडे नळदुर्गावरून आत आले आणि १७ तारखेला निजाम शरण आला. तेव्हापासूनची गणती धरली तर आपली परंपरा तिसऱ्या-चौथ्या पिढीत आहे.

याच ठिकाणी मला अर्देशीर तारापोर आठवतात. ते निजामाच्या फौजेत, हैदराबाद लान्सर्समध्ये अधिकारी होते. संस्थान विलीन झाल्यावर भारतीय फौजेत आले, पूना हॉर्समध्ये गेले, १९६५ मध्ये त्या रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर होते आणि सियालकोटच्या आघाडीवर लढताना गेले. मरणोत्तर परमवीर. सहा वर्षांनी त्याच रेजिमेंटमध्ये २१ वर्षांचे खेत्रपाल आले. ज्या रेजिमेंटचा कमांडिंग ऑफिसर लढता लढता गेला त्या रेजिमेंटच्या मेसमध्ये जेवायचं, त्यांच्या हाताखाली लढलेल्या जवानांसोबत सराव करायचा, यातून माणूस काय शिकत असेल? रेजिमेंट म्हणतात ती हीच. ती बाहेरून आलेल्याला आपलं करते, आणि निजामाच्या फौजेतून आलेल्या माणसालाही तिने आपलं केलं.

तर "क्लास लावून येत नाही" या वाक्याचं व्यवहारात काय होतं ते सांगतो. पोरं धावतात, दंड-बैठका मारतात आणि गणिताच्या तासाला दांडी मारतात. शिपाई भरतीतसुद्धा लेखी परीक्षा आहे, पण अधिकारी व्हायचं तर एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताला ३०० गुण आणि सामान्य क्षमता चाचणीला ६०० गुण असतात. ती ओलांडली की एसएसबीची, म्हणजे फौजेच्या निवड मंडळाची मुलाखत, पाच दिवसांची, ९०० गुणांची. तिथे छाती मोजत नाहीत. आठ-दहा अनोळखी मुलांचा गट करतात, एक दोर, एक फळी, एक ओंडका देतात आणि अडथळा ओलांडायला सांगतात. कोण दुसऱ्याचं ऐकतो, कोण योजना सुचवतो, कोण स्वतःची चूक लवकर ओळखतो, कोण कमजोर गड्याला सोबत घेतो, ते बाजूला उभा असलेला अधिकारी टिपत असतो. ऑर्डर धुडकावणारा आणि एकट्याने धावत सुटणारा मुलगा तिथे लगेच ओळखू येतो.

आणि हे शिकवणारी जागा मराठवाड्यातच आहे. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, जिला सगळे एसपीआय म्हणतात, राज्य सरकारने १९७७ मध्ये सुरू केली. दहावीनंतर निवड होते, अकरावी-बारावीची दोन वर्षं तिथे राहून एनडीएची तयारी करून घेतात. तिथून निघालेली पोरं आज तिन्ही दलांत अधिकारी आहेत. मुलींसाठी आता अशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. २०२१ पासून एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी त्याच खेत्रपाल परेड ग्राउंडवरून बाहेर पडली. "खरा मर्द असशील तर" हे वाक्य तेव्हाच जुनं झालं.

आमच्या हायस्कुलात यंदा आठवी ते दहावीच्या मुला-मुलींसाठी धावण्याचा सराव पहाटे साडेपाचला आणि गणिताचा जादा तास सात वाजता ठेवलाय. फी नाही. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरच्या पालकांनी पोरांना दोन्हीला पाठवावं, नुसतं धावायला नको. गणिताची वही आणि पाण्याची बाटली सोबत द्यावी. एसपीआयच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरताना काही अडलं तर शाळेत या, आम्ही भरून देतो.